दारू सुटते ती कशाने?

(वार्षिक आभारसभेत दवाखान्याच्या सिस्टरनी केलेले भाषण)



गेली बावीस वर्षं मी पालघर जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात, आपल्या दवाखान्यात परिचारिकेचं काम करते. मला भाषणाची सवय नाही. इंजेक्शन द्यायला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण कमिटीने विषय दिला आहे : 'पाड्यांवर दारू कमी होते आहे का, आणि होत असेल तर कशाने?' तर जे पाहिलं ते सांगते. त्यात एक माझी चूकही आहे. तीही सांगणार आहे.

सुरुवात पाड्यापासून न करता जरा लांबून करते. अमेरिकेत गॅलप नावाची संस्था १९३९ पासून लोकांना विचारत आली आहे, तुम्ही दारू पिता का? २०२३ मध्ये शंभरातल्या ६२ प्रौढांनी 'हो' म्हटलं. २०२५ मध्ये ५४ जणांनी. इतक्या वर्षांत एवढा खाली हा आकडा कधी आला नव्हता. आपल्या देशातही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या पुरुषांना हेच विचारतात. २०१५-१६ मध्ये शंभरातले २९ पुरुष 'पितो' म्हणाले, २०१९-२१ मध्ये २२. काही जण खरं सांगत नसतील, हे मान्य. पण आधीच्या वेळीही ते सांगत नव्हतेच. म्हणजे उतार आहे.

मात्र त्याच सर्वेक्षणात अनुसूचित जमातींच्या पुरुषांचा आकडा शंभरात ३३ आहे. उतार आपल्या डोंगरापर्यंत पुरता पोचलेला नाही.

अमेरिकेत उतार कशाने आला? एक कारण स्पष्ट दिसतं. रोज एक-दोन पेले घेणंसुद्धा प्रकृतीला वाईट, असं २०१८ मध्ये शंभरातले २८ लोक म्हणत होते. २०२५ मध्ये ५३ म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये उघड सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, यकृताचा, आतड्याचा आणि बायकांच्या स्तनाचा कर्करोग, या सगळ्यांशी तिचा संबंध आहे.

पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. जिथे निम्मे लोक पीत नाहीत, तिथे न पिणाऱ्याला कोणी 'का रे बाबा?' असं विचारत नाही. त्याला कारण द्यावं लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्यावर येणार आहे.

आता आपल्या डोंगरात या. इथला आदिवासी पहिल्यापासून दारुडा आहे, असं आपण सहज बोलून जातो. मीही बोलत असे. मोहाच्या फुलांची दारू इथे जुनी आहे, हे खरं. ती देवाला, पितरांना वाहायची, लग्नात आणि सणाला प्यायची. पण फुलं झाडाची, चूल घरची, आणि फुलं संपली की दारूही संपायची. इंग्रज सरकारने १८७८ चा अबकारी कायदा आणला आणि घरी गाळणं गुन्हा ठरलं. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करून ठेवण्यावरच बंधन घातलं. आजचा आपला पालघर जिल्हा तेव्हा ठाण्यातच होता. मग दारू मिळायची ती फक्त ठेकेदाराच्या दुकानात, पैसे मोजून किंवा उधारीवर. दुकान बारा महिने उघडं आणि महसूल सरकारचा. सणाची वस्तू रोजची झाली ती अशी. उधारीपायी जमिनी गेल्या. पुढे डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायची. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ च्या वारली आंदोलनाने ती पद्धत मोडली.

याच मुलखातली १९२२ ची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत आहे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये बातमी उठली की देवी अंगात येते आहे आणि ती सांगते, दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा. ती बातमी डोंगर चढली, डांगातून सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. नोव्हेंबरपर्यंत हजारो आदिवासी एकत्र बसून दारूवर पाणी सोडत होते. ना कोणी पुढारी, ना बाहेरून आलेला कोणी उपदेशक. दुकानं ओस पडली. काही गावांत लोक पुढे पुन्हा पिऊ लागले, काही गावांत निश्चय टिकला. आपल्या श्रद्धेहून ती श्रद्धा वेगळी आहे. तरी त्या लोकांनी जे केलं त्यापुढे मी मान लववते. त्यांनी दारू एकेकट्याने सोडली नाही. गावच्या गावं एकदम उठली.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी आपण पाड्यापाड्यांवर दारूमुक्तीच्या सभा घेत होतो. गाणी, साक्ष, प्रार्थना, आणि शेवटी 'आजपासून जो सोडणार त्याने हात वर करावा'. वर आलेले हात मी मोजायची आणि नावं वहीत उतरवायची. ते आकडे आपल्या याच वार्तापत्रात छापून येत. आपणही ते वाचून आनंदाने पाकिटं पाठवत होता.

एका शनिवारी संध्याकाळच्या सभेत चाळिशीच्या एका माणसाने हात वर केला. वीटभट्टीवर जाणारा, सकाळी उठल्यापासून पिणारा. बायको समोर बसली होती, मुलगी आपल्या वसतिगृहात शिकत होती. मी आनंदाने त्याचं नाव लिहिलं. सोमवारी रात्री त्याचा भाऊ मला उठवायला आला. जाऊन पाहते तर अंगाला थरथर, घामाने भिजलेला, भिंतीवरच्या मुंग्या झटकतो आहे, आणि भिंतीवर एकही मुंगी नाही. मग फिट आली. घरचे म्हणाले, बाधा झाली, भगताला बोलवा. आपला एक कार्यकर्ता म्हणाला, सैतान निघून जातो आहे, प्रार्थना करू.

बाधा नव्हती आणि सैतानही नव्हता. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. त्यात माणूस दगावूही शकतो. हे मी नर्सिंगच्या पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण शनिवारी हात मोजताना मला ते आठवलं नाही. जीप मिळायला दोन तास गेले. सरकारी दवाखान्यात सलाइन, औषधं, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली आणि देवाच्या दयेने तो वाचला. त्या तिमाहीच्या अंकात आकडा छापून आला. त्यात तोही होता.

घरी आल्यावर महिन्याभरात तो पुन्हा प्यायला लागला. त्यानंतर मी जुनी वही काढून नावं घेत पाड्यांवर फिरले. बरेच जण मला पाहून मागच्या दाराने निघून गेले. पूर्वी ते दवाखान्यात यायचे, आता यायला लाजत होते. आमच्या वहीने त्यांना दवाखान्यापासून तोडलं होतं.

बंधूंनो आणि भगिनींनो, तो माणूस आज पीत नाही. पाच वर्षं झाली. मधे दोनदा सोडली, दोनदा पुन्हा सुरू झाली. शेवटी कशाने सुटली, असं मी त्याला विचारलं. मला वाटलं, तो प्रार्थनेचं नाव घेईल, निदान माझं तरी घेईल. तो म्हणाला, "सिस्टर, आता पाड्यात लग्नाला दारू नसते. नको म्हणावं लागत नाही."

ते कसं झालं, ते पाहा. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा गावांच्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. त्या पाड्यातल्या बायकांनी ग्रामसभेत विषय मांडला. पूर्ण बंदी मागितली नाही. म्हणाल्या, देवापुढे थेंब वाहायचा तो वाहा, पण लग्नात आणि बाराव्याला पिंप नको. गूळ-नवसागराची दारू पाड्यात विकायची नाही. आणि भट्टीवरच्या मुकादमाने आठवड्याची खर्ची बायकोच्या हातात द्यायची. पहिल्या वर्षी दोन लग्नांत भांडणं झाली. तिसऱ्या वर्षी कोणाला आठवणही राहिली नाही की पूर्वी पिंप असायचं. ते ठरवायला आम्ही नव्हतो. आम्ही फक्त ग्रामसभेच्या दिवशी बायकांची लहान मुलं सांभाळली.

कायदा नको असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होतं, आणि निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचं दुकान बंद होतं. ते मोठं हत्यार आहे. पण दुकान बंद झालं की पिणाऱ्याची तलफ बंद होत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथे चोरून गाळणं आणि पिणं संपलं नाही. म्हणून २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ'चं काम सुरू झालं. त्यात गावोगावी संघटना आहेत आणि व्यसनी माणसासाठी उपचारही आहेत. बंदी, गावाची एकजूट आणि औषध, ही तिन्ही लागतात. उपदेश चौथा. त्याने चौथ्या जागीच बसावं, असं मला वाटतं.

आता मंडळीसाठी दोन शब्द. काना गावच्या लग्नाचा प्रश्न मला दर वेळी कोणीतरी विचारतं. त्यावर पाळकसाहेब बोलतील, मी एवढंच म्हणेन की त्या लग्नात यजमानाची लाज राखली गेली. आपणही पिणाऱ्याची लाज राखू या. आपल्या बाकांवरसुद्धा असे भाऊ आहेत, आणि ते घरचं दार लावून पितात. सकाळी हात थरथरत असतील आणि घोट घेतल्यावर थांबत असतील, तर त्या माणसाला 'आजच सोड' म्हणून शपथ घालू नका. आधी डॉक्टरकडे न्या. पुण्याचं मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हे काम करतं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. फोन करणाऱ्याचं नाव मंडळीत फिरू देऊ नका.

शेवटी माझी कमिटीला आणि आपणां सर्वांना विनंती आहे. 'या तिमाहीत इतक्यांनी दारू सोडली' हा आकडा आपल्या वार्तापत्रात यापुढे छापू नये. मला कल्पना आहे, त्या आकड्यावर देणग्या येतात. खजिनदारांनी मला काल तसं सांगितलंही. पण तो आकडा हातांचा आहे, माणसांचा नाही. त्याऐवजी दवाखान्यात दोन खाटा या कामासाठी राखून ठेवू या, रात्री-अपरात्री जीपचं भाडं लगेच निघेल एवढी रक्कम बाजूला ठेवू या, आणि एक कार्यकर्ती अशी नेमू या की जी वर्षभर त्याच घरी पुन्हा पुन्हा जाईल, तो पुन्हा प्यायला लागला तरी जाईल. याचं छापण्यासारखं काही होणार नाही. पाकिटं कदाचित कमी येतील. ती कमी आली तरी चालेल का, हे आज आपण मला सांगा. मी सोमवारी परत जाणार आहे, आणि पाड्यावर जाताना या वेळी वही घेऊन जायची नाही, असं मी ठरवलं आहे.