प्रतीवरचा अंक



छायाचित्रकारांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून मी लगेच विषयाकडे वळतो. कारण ज्या नगरीत आपण जमलो आहोत तिच्याशी व्यवहारातील सचोटीचा विचार इतका निगडित आहे की प्रास्ताविकासाठी दूर जाण्याचे प्रयोजन नाही. चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या राजधानीत, याच कल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. दायविभागाच्या प्रकरणामुळे ती इंग्रजी अमदानीतील न्यायालयांतही प्रमाण मानली गेली. परंतु तिच्या व्यवहाराध्यायात विक्रेत्याच्या लबाडीचाही तपशीलवार विचार आहे, आणि तो भाग आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने आवर्जून वाचावा असे मला वाटते. एकाला विकलेली वस्तू पुन्हा दुसऱ्याला विकणारा, तसाच सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणारा, या दोघांनाही तेथे मूल्याच्या दुप्पट दंड सांगितला आहे. आणि हलका माल उंची म्हणून खपवणाऱ्यास आठपट.

आपण छायाचित्राची मर्यादित आवृत्ती विकतो तेव्हा नेमके काय विकतो? ताम्रपटावर कोरून ठसे काढणाऱ्या कलावंताच्या आवृत्तीला त्याचा ताम्रपटच मर्यादा घालीत असे. ठशागणिक रेषा बोथट होत जात, अखेरचा ठसा पहिल्याइतका सतेज उतरत नसे, आणि म्हणून त्याच्या अंकाला धातूचा आधार होता. निगेटिव्ह तशी झिजत नाही, आणि संगणकात साठवलेल्या प्रतिमेला तर झीज ठाऊकच नाही. तेव्हा प्रतीच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ‘11/25’ असे लिहून जो छायाचित्रकार पंचविसांची सीमा आखतो, त्याच्या त्या सीमेला यंत्राचा, कागदाचा किंवा निसर्गाचा कसलाही आधार नसतो. ती केवळ त्याच्या शब्दावर उभी असते, आणि ग्राहकाने मोजलेल्या रकमेचा मोठा हिस्सा त्या शब्दापोटी मोजलेला असतो. तो अंक मी खरेदीखताइतकाच बंधनकारक मानतो.

अंक घालावाच असा मात्र माझा आग्रह नाही. हा मुलूख ज्या निजामी अमलाखाली होता त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ, ज्यांना सहाव्या निजामाने 1894 साली ‘मुसव्विर जंग’ हा किताब बहाल केला, त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवरही क्रमांक असे. परंतु तो चित्र कोणते ते सांगे, प्रती किती ते सांगत नसे. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1941 साली टिपलेल्या ‘मूनराइज’ या चित्राच्या हजारांहून अधिक प्रती स्वहस्ते काढल्या, आणि तरीही 2006 साली त्यांतील एक प्रत लिलावात 6 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. दुर्मिळतेवाचून कलेला मोल येत नाही, हे दालनवाल्यांचे म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही.

पण एकदा शब्द दिल्यावर काय? या प्रश्नाची आपल्या काळातील सर्वांत मोठी तपासणी छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांच्या प्रकरणात झाली. त्यांनी पूर्वी डाय-ट्रान्स्फर पद्धतीने काढलेल्या मर्यादित प्रती संग्राहकांनी मोठ्या किमती देऊन घेतल्या होत्या. मार्च 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात त्यांची 36 चित्रे नव्या, कितीतरी मोठ्या आकाराच्या संगणकीय प्रतींच्या रूपाने विकली गेली आणि सुमारे 59 लाख डॉलर जमा झाले. त्यांत काही चित्रे जुन्या आवृत्तींतलीच होती. जोनाथन सोबेल या संग्राहकाने दावा लावला. न्यायालयाने 2013 साली तो फेटाळला, कारण निराळ्या पद्धतीची व निराळ्या आकाराची प्रत ही नवी आवृत्ती होय, जुन्या आवृत्तीत घातलेली भर नव्हे, असा कायद्याचा अर्थ लावला गेला. कायद्याच्या अक्षराप्रमाणे हा निकाल मला चुकीचा वाटत नाही. परंतु ज्याने प्रत घेताना ‘हे चित्र एवढ्याच जणांपाशी राहील’ असे समजून पैसे दिले, आणि ज्याची ती समजूत विक्रेत्याने जाणूनबुजून दूर केली नाही, त्याची फसवणूक झाली नाही असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आठ बाय दहाच्या पंचवीस, सोळा बाय वीसच्या पंधरा, त्याहून मोठ्या सात, शिवाय ‘आर्टिस्ट प्रूफ’ म्हणून बाजूला ठेवलेल्या आणखी काही, अशी एकाच चित्राची फेरिस्त लांबवीत नेणे हा प्रघात आपल्याकडेही रूढ होऊ लागला आहे. तो मला गर्हणीय वाटतो.

या मोहाचे एक कारण मात्र न्याय्य तक्रारीत आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 53अ चित्रकाराला, शिल्पकाराला आणि मूळ हस्तलिखिताच्या लेखकालाही दहा हजार रुपयांवरील पुनर्विक्रीत वाटा मागण्याचा हक्क देते. छायाचित्रकाराचा त्यात उल्लेख नाही. पाच हजारांना दिलेली प्रत पुढे पाच लाखांना गेली तरी आपल्या पदरी काही पडत नाही, आणि मग नवी आवृत्ती काढावीशी वाटते. ती काढण्यापेक्षा कलमात दुरुस्ती मागणे हा सरळ मार्ग आहे.

दुसरे टोकही मला मान्य नाही. छायाचित्रकार ब्रेट वेस्टन यांनी 1991 साली, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, आपल्या निगेटिव्ह जाळल्या. आपल्या हाताबाहेर प्रत निघू नये हा त्यांचा हेतू मी समजू शकतो, पण अनुकरणीय मानीत नाही. दीनदयाळांच्या 2857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्या कोणी शब्द राखण्यासाठी फोडल्या असत्या, तर निजामी अमलातील किती वास्तू, किती माणसे आपल्या दृष्टीतून कायमची गेली असती! विक्रीच्या प्रतीला मर्यादा असावी, अभ्यासाच्या प्रतीला नसावी. शिल्लक निगेटिव्ह दप्तरखान्यात जाव्यात, आणि त्यावरून पुढे निघालेली प्रत विकाऊ नाही असे तिच्या पाठीवर ठळक लिहावे. छायाचित्रकार लुइस हाइन यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या प्रती त्यांच्या हयातीतल्या म्हणून विकल्या गेल्या, आणि त्या कागदातील चमक आणणारी द्रव्ये हाइन यांच्या काळी वापरात नव्हती, एवढ्यावरून ते उघडकीस आले. प्रतीवर तिची खरी तारीख असती तर रसायनशास्त्राला साक्षीस बोलवावे लागले नसते.

आणि चित्रातला माणूस? पंढरीच्या वाटेवर डोईवर तुळस घेऊन चाललेल्या माउलीचा चेहरा पंचवीस घरांच्या भिंतींवर लागतो, प्रत्येक प्रतीचा हिशेब चोख राहतो, आणि त्या हिशेबात तिचे खाते नसते. बसवण्णांनी याच नगरात कायकाबरोबर दासोह, म्हणजे श्रमाबरोबर मिळकतीचे समाजात वाटप, सांगितला. मिळकतीतला वाटा जिथून मिळकत आली तिकडे वळवणे आपल्यालाही शक्य आहे: तिला प्रत पोचवता येते, तिची संमती घेता येते, तिच्या गावच्या शाळेला काही देता येते.

शेवटी एक ठराव मांडतो. प्रत्येक सभासदाने आपल्या विकाऊ चित्रांची नोंदवही ठेवावी. तीत आकार, कागद, मुद्रणपद्धती, एकूण प्रती, कलावंताने राखलेल्या प्रती, निगेटिव्हचे साल आणि प्रतीचे साल यांची नोंद असावी. दुसऱ्या आकाराची आवृत्ती काढण्याचा हक्क राखून ठेवला असेल तर तो पहिल्या ग्राहकाला विक्रीपूर्वी लेखी कळवावा. आणि ही वही वारसांवर बंधनकारक राहील असे तिच्या पहिल्या पानावर सही-साक्षीनिशी लिहावे. मसुदा आपल्या हाती दिलेला आहे; दुपारच्या बैठकीत त्यावर दुरुस्त्या घेतल्या जातील.