कोयनेलचं झाड

पुढं सरकून बसा. मागं ऐकू येणार नाही.

हिवतापानं अंग थडथड उडू लागलं, की जुनी माणसं म्हणत, "कोयनेल घे." हे कोयनेल आलं कुठून? एका झाडाच्या सालीतून. झाडाचं नाव सिंकोना.

हे झाड मूळ आपल्याकडचं नव्हे. फार दूर, दक्षिण अमेरिकेत, अँडीज नावाचा मोठा डोंगर आहे. त्याच्या पूर्वेच्या उतारावर भरपूर पावसाचं दाट रान आहे. तिथले लोक सिंकोनाची साल काढीत, वाळवीत, कुटीत आणि तापाला देत. १६३० नंतर ख्रिस्ती पाद्र्यांनी ती साल युरोपात नेली.

मग साऱ्या जगाला ती हवीशी झाली. परदेशी लोक बियांच्या मागे लागले. बोलिव्हिया देशात मामानी नावाचा एक जाणता गडी होता. झाड बघून तो सालीचा कस सांगे. त्यानं १८६५ साली एका इंग्रज व्यापाऱ्याला उत्तम बी मिळवून दिलं. त्यापायी पुढं त्याला तुरुंगात घातलं, मारलं. त्यातच तो गेला. त्या बियांवर जावा बेटात मळे उभे राहिले. दुसऱ्यांची पोटं भरली, मामानीचं नाव कुणाला ठाऊक नाही!

आपल्या देशात निलगिरीवर आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाची लागवड झाली. एके काळी पोस्टात कोयनेलची पुडी पैशाला मिळे.

आता सालीची खोड ऐका. एका झाडाची साल जालीम, तर दुसऱ्याची फुसकी. दिसायला दोन्ही सारख्या, कडूही सारख्याच. काढा किती द्यावा, ते कळणार कसं? कमी पडला तर ताप राहतो. जास्त झाला तर कानांत घंटा वाजतात, डोळेसुद्धा जाऊ शकतात. १८२० साली पॅरिसच्या दोघा शास्त्रज्ञांनी सालीतलं सत्त्व वेगळं काढलं. तेच कोयनेल. मग औषध मोजून देता येऊ लागलं.

आपल्याकडे तापाला सातविणीच्या सालीचा काढा देतात. तीही कडू. पण कडू ते सगळं कोयनेल नव्हे. सातविणीनं हिवताप जात नाही.

आता थंडी वाजून ताप आला, तर बोटातलं रक्त तपासून घ्यावं. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. हिवतापाच्या दोन मुख्य जाती आहेत, त्यांची औषधं निराळी. एका जातीचे जंतू यकृतात दडी मारून बसतात. त्यासाठी चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. बाई गरोदर असेल तर तिनं आधी सांगावं.

१९७६ साली देशात हिवताप फार माजला होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आम्हालाही ताप आला. गोळ्या पाच दिवसांच्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आजीचा काढा चालू होताच. आम्हाला वाटलं, काढ्यानंच बरं वाटलं. उरलेल्या गोळ्या आम्ही उकिरड्यात टाकल्या.

दोन महिन्यांनी ताप परत आला. धाकटी बहीण आमच्याजवळच निजायची. आम्हाला चावलेला डास तिलाही चावला असणार. थोड्या दिवसांत तीही पडली. पोर वाचली, पण फार अशक्त झाली. त्या वर्षी तिची शाळा सुटली, ती सुटलीच.

पन्नाशी उलटल्यावर ती आपल्या याच वर्गात सही करायला शिकली.