गायरान : मुद्दल आणि व्याज
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



कापडाच्या दुकानात आयुष्य घालविलेल्या माणसाने गवतावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जीवदयेचे कार्य करणाऱ्या संस्थेत चाऱ्याचा विचार अप्रस्तुत नाही. शिवाय मला येथे एका चुकीची कबुली द्यावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या नंदुरबार तालुक्यातील एका गावी गायरानाभोवती तारेचे कुंपण घालण्यास मी आर्थिक साहाय्य केले. पहिल्या पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढले आणि मला धन्यता वाटली. परंतु ते कोणी कापले नाही, कोणी चारले नाही. ते उभेच वाळले. पुढील वर्षी त्या जुन्या काडाखाली नवे कोंब गुदमरले. कुसळीला वेळीच जनावराचे तोंड न लागल्याने तिची कुसळे सर्वत्र पसरली. अखेर एका उन्हाळ्यात ठिणगी पडली आणि सारे जळून गेले. दरवर्षी दिवाळीनंतर तेथे मेंढ्या आणणाऱ्या ठेलारी मेंढपाळांना मात्र आम्ही कुंपणाबाहेर ठेवले होते.

गवताचा वाढीचा कोंब बुडाशी असतो. म्हणून वरचे पाते खाल्ले गेले तरी ते पुन्हा फुटते. झुडपाचे तसे नाही. त्याचा शेंडा वर असतो व तो शेळी खुडते. गाय जिभेने वरचे गवत ओढून घेते, तर मेंढी अगदी बुडापर्यंत कुरतडते. शेण व लेंड्या तेथेच पडून जमिनीस खत मिळते. जनावर हे गायरानाचे शत्रू नसून, योग्य वेळी आणि योग्य संख्येने आले तर त्याचे राखणदारच आहे.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली चराई बंद करण्यात आली. त्यावरून संघर्ष पेटला व गोळीबारात माणसे दगावली. पुढे म्हशी नाहीशा झाल्यामुळे पाणथळीत गवत माजले आणि त्याचा पक्ष्यांनाच उपद्रव झाला, असे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातून दिसून आले.

याचा अर्थ मोकाट चराई असा मुळीच नव्हे. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने चराईबंदी केली, तेव्हा उजाड डोंगरांना विश्रांतीची गरज होती. परंतु तेथे गवत वाया जाऊ दिले नाही. ते कापून गोठ्यात नेले गेले. आम्ही बंदी तेवढी उचलली, विळा विसरलो.

वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मला हिशेब असा दिसतो : मूळ हे मुद्दल, पाते हे व्याज. मोकाट चराई मुद्दल खाते. पूर्ण बंदी व्याज कुजविते. म्हणून गायरानाचे चार भाग करावेत. पावसाच्या आरंभी ते बंद ठेवावेत, नंतर पाळीपाळीने चारावेत आणि एक भाग बी झडेपर्यंत राखावा. जनावरांची संख्या ग्रामसभेने ठरवावी व त्या सभेत मेंढपाळासही बसवावे.

ओसाड दिसणाऱ्या गायरानावर अतिक्रमणाची दृष्टी लवकर पडते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. परंतु वापरात असलेली जमीन गाव स्वतःच राखते.

दान देताना आपण कुंपणापुरता विचार करतो, त्यात फाटकाचाही असावा, एवढीच नम्र विनंती. जय जिनेंद्र.