नोटीस येण्याआधीचा वकील



 माध्यमसंस्थांमध्ये पगारी काम करणाऱ्या वकिलांची परिषद बडोद्यात भरावी, हे औचित्याला धरूनच आहे. 1894 मध्ये बाळ गंगाधर टिळक बडोद्यात मुक्कामाला आले ते सभा गाजवायला नव्हे. बडोदे संस्थानच्या सर्व्हे सेटलमेंट खात्यातले अधिकारी वासुदेव सदाशिव बापट यांच्यावर लाचखोरीचे आरोप होते, चौकशीसाठी कमिशन बसले होते, आणि टिळकांनी आपल्या या मित्राच्या बचावाची मांडणी करण्यात इथे बरेच दिवस घातले. संपादक आणि कायदा जाणणारा माणूस एकाच देहात असला की कागद कसा वाचला जातो, हे त्या वेळी बडोद्याने पाहिले. पण त्याआधी बारा वर्षे, याच टिळकांच्या घरात, कागद तसा वाचला गेला नव्हता. आज मला जे मांडायचे आहे त्याची सुरुवात त्या प्रकरणापासून होते.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, या भावनेने पेटून 'केसरी' आणि 'मराठा' या वृत्तपत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तुटून पडणारा मजकूर छापला. ज्या पत्रांच्या आधारावर तो छापला ती बनावट ठरली. माफी मागूनही खटला टळला नाही. 1882 च्या जुलैत आगरकर आणि टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. टिळकांनी एलएल.बी. 1879 मध्येच केले होते. म्हणजे कायदा जाणणारा माणूस त्या घरात नव्हता असे म्हणता येणार नाही. नव्हती ती एक नेमून दिलेली जबाबदारी: ही पत्रे कोणी दिली, मूळ प्रत कुठे आहे, अक्षर कोणाचे आहे, हे विचारल्याशिवाय पान मशीनवर चढणार नाही असे म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस. लेखकाच्या जागी बसलेल्या माणसाला स्वतःच्या संतापावर हा प्रश्न टाकता येत नाही, मग तो कितीही मोठा कायदेपंडित असो. माझे म्हणणे इतकेच आहे की माध्यमसंस्थेतल्या वकिलाची खरी जागा मजकूर ठरतो आणि धंद्याचे निर्णय होतात त्या टेबलाशी आहे. नोटीस आल्यावर फाइल घेऊन धावणे हे त्याच्या कामाचे शेपूट आहे. आपल्याकडे बहुतेक संस्थांनी शेपटालाच काम मानले आहे.

उशिरा जागे होण्याची किंमत किती होऊ शकते याचे उदाहरण पुण्यातले आहे. 10 सप्टेंबर 2008 च्या संध्याकाळी 'टाइम्स नाऊ' वाहिनीने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायमूर्तींच्या जागी, नावातल्या साधर्म्यामुळे, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले. ते पडद्यावर साधारण 15 सेकंद होते. चूक कळल्यावर छायाचित्र काढले गेले. पण जाहीर माफीची पट्टी फिरली ती सावंतांची नोटीस आल्यानंतर, 23 सप्टेंबरपासून. सावंत हे प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. त्यांनी दावा लावला आणि 2011 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 100 कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. अपील ऐकण्यासाठी 20 कोटी रुपये भरा आणि 80 कोटींची बँक हमी द्या, असे उच्च न्यायालयाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. भरपाईचा हा आकडा वृत्तस्वातंत्र्याच्या दृष्टीने भयावह आहे असे मलाही वाटते आणि तसा निकाल नमुना म्हणून मिरवू नये. पण दाव्याचे मूळ पाहा. पंधरा सेकंदांची चूक कोणाच्याही हातून होईल. त्यानंतरचे तेरा दिवस मात्र संस्थेच्या हातातले होते. माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली, हा वकिली वर्गात रुजलेला समज अशा वेळी फार घात करतो. जो वकील रोज वृत्तकक्षात बसतो त्याला ठाऊक असते की त्याच रात्रीच्या, त्याच वेळेच्या बुलेटिनमध्ये, तितक्याच ठळकपणे केलेली दुरुस्ती ही बचावाची सर्वांत भक्कम पायरी असते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालावे ते थोडे जवळून पाहू. उपसंपादक रात्री साडेनऊला फोन करतो, 'लीगलला दाखवलं का?' आणि उत्तर येते, 'कथित टाकलंय, चालेल.' शीर्षकात प्रश्नचिन्ह आणि मजकुरात 'कथित' टाकले की सुटलो, हा मराठी वृत्तकक्षातला जुना भ्रम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला जे अपवाद आहेत त्यांतल्या पहिल्यात नुसते सत्य पुरत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. म्हणजे बातमी खरी आहे का, याबरोबरच ती कशासाठी सांगायची, हा संपादकीय प्रश्न कायद्याचाही प्रश्न होतो. ध्वनिमुद्रण हातात असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावे लागते. बातमीदाराने तीन महिन्यांनी फोन बदलला, जुना विकला, तर पुरावा गेला. ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याला प्रश्न कधी पाठवले, उत्तराला किती वेळ दिला, याची नोंद लागते. आणि समोरचा माणूस कोणत्या गावच्या न्यायालयात धावेल याचा अंदाज बांधून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली तिथे आधीच कॅव्हेट टाकून ठेवावी लागते, म्हणजे आपले ऐकून न घेता मनाई हुकूम निघत नाही. ब्लूमबर्गच्या एका लेखावर दिल्लीत असाच अंतरिम मनाई हुकूम निघाला होता. 22 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि खटला चालण्याआधीच लेखावर बंदी घालण्याने वाचकाच्या जाणून घेण्याच्या हक्कावर किती गंभीर परिणाम होतो हे बजावले. हा निकाल हाताशी आहे, पण जिल्हा न्यायालयात पहिल्या तारखेला तो पुढे ठेवणारा माणूस हजर नसेल तर दिल्लीपर्यंतची वाट फार लांबची आणि खर्चाची आहे.

मी 'धंद्याचे निर्णय' म्हणालो, त्याला आधार पुण्याच्या 'सकाळ'चा आहे. एका कायद्याखाली काढलेल्या 1960 च्या सरकारी आदेशाने वृत्तपत्राची पाने त्याच्या किमतीला बांधली. 'सकाळ'चे सहा दिवसांचे अंक मिळून 34 पाने होती आणि अंकाची किंमत 7 नये पैसे. त्या किमतीत आदेशाप्रमाणे 24 पानेच देता येत होती. 34 द्यायची तर किंमत 8 नये पैसे करणे भाग होते. एका पैशाचा हिशोब! कोणी म्हणाले असते, पैसा वाढवा आणि मोकळे व्हा. पण किंमत वाढली की खप घटतो आणि पाने कमी केली की मजकूर घटतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणेच आखडते, असा मुद्दा उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या, न्या. जे. आर. मुधोळकर यांनी लिहिलेल्या 25 सप्टेंबर 1961 च्या निकालाने तो मान्य केला आणि तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरवला. छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवायचे आहे, हा सरकारचा हेतू वाईट नव्हता. पण त्यासाठी अभिव्यक्तीवर हात टाकता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. देशभरच्या वृत्तपत्रांना उपयोगी पडलेला हा निकाल एका मराठी दैनिकाच्या पानांच्या आणि पैशांच्या कोष्टकातून निघाला. असे कोष्टक संस्थेच्या आतच असते. बाहेरच्या वकिलाकडे ते तेव्हाच जाते, जेव्हा आतल्या कोणाला त्यात घटनेचा प्रश्न दिसतो.

आज असे प्रश्न कमी नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पगारी पत्रकाराने लिहिलेल्या मजकुराची मालकी वृत्तपत्राकडे असते ती नियतकालिकात छापण्यापुरती. वेगळा करार नसेल तर बाकी हक्क लेखकाचे. जिल्ह्याचा वार्ताहर तर पगारी नोकरही नसतो. जुन्या लेखमालेची वेब मालिका करायला निघालेल्या व्यवस्थापनाला हे करार झाल्यावर कळते. खासगी माहितीच्या संरक्षणाच्या 2018 आणि 2019 च्या मसुद्यांत पत्रकारितेला सूट होती, 2023 च्या कायद्यात ती राहिली नाही. कायदा झाल्यावर हळहळण्यापेक्षा मसुद्याच्या वेळी एकत्र निवेदन देणे हे माध्यमसंस्थांतल्या वकिलांचेच काम होते.

वकिलाने टेबलाशी बसण्यावरचे आक्षेप मी हलके मानत नाही. संपादक मंडळी म्हणतात की वकील टेबलाशी आला की बातमीची नखे कापली जातात. हे घडते, अनेकदा घडते. पण ते कधी घडते? ज्या वकिलाला बातमी रात्री छपाईच्या आधी दहा मिनिटे दाखवली जाते, त्याला 'नको' म्हणण्याखेरीज काही करता येत नाही. तोच माणूस पहिल्या आठवड्यापासून बरोबर असेल तर कोणता कागद मिळवला की हे वाक्य ठामपणे लिहिता येईल ते सांगू शकतो. अखेरचा शब्द मात्र संपादकाचाच राहिला पाहिजे. यात मला तडजोड मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पगार मालकाचा, मग सल्ला कोणाचा? सर्वोच्च न्यायालयानेही याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, आणि 31 ऑक्टोबर 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की वकील-अशील संवादाचे साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधले संरक्षण इन-हाऊस, म्हणजे संस्थेच्या पगारी, वकिलाला नाही; कलम 134 खाली मिळते ते फार मर्यादित आहे. म्हणजे तुम्ही संपादकाला रात्री पाठवलेला ई-मेल उद्या न्यायालयात मागवला जाऊ शकतो. अनेकांना हा निकाल आपल्या पेशाचा अवमान वाटला. मला त्यात एक वाट दिसते. जे लिहायचे ते न्यायालयात वाचले जाईल असे समजून लिहा: काय तपासले, कोणता आरोप पुराव्याअभावी गाळला, उरलेला का छापण्याजोगा आहे. असा कागद संस्थेच्या सद्भावनेचा पुरावा होतो. ज्या सल्ल्याला गुप्तता हवीच, तो बाहेरच्या वकिलाकडून घ्यावा. आणि मालकाच्या जाहिरातदाराला दुखावणारी बातमी कायद्याने निर्दोष असेल, तर 'निर्दोष आहे' असे लेखी देण्याचे धैर्य या पदावरच्या माणसात हवे. ते धैर्य एकट्याच्या स्वभावावर सोडता येणार नाही. नेमणुकीच्या पत्रातच त्याची सोय हवी.

लहान पत्रांना हे परवडणार कसे, हा प्रश्न याच गावात विचारला पाहिजे. भगवंतराव पाळेकरांनी 1917 पासून तीन दशके बडोद्यातून 'जागृति' चालवले. सत्यशोधक विचारांचे असे साप्ताहिक पगारी वकील ठेवू शकले नसते. आजची जिल्हा दैनिके आणि यूट्यूबवरचे एकटे पत्रकार त्याच स्थितीत आहेत, आणि धाक दाखवायला केलेले दावे सर्वांत आधी त्यांचाच आवाज बंद करतात. पाच-सहा छोट्या संस्थांनी मिळून एक वकील ठेवणे, मोठ्या संस्थांच्या वकिलांनी कॅव्हेटचे आणि कलम 63 च्या प्रमाणपत्राचे मराठी-गुजराती नमुने सर्वांसाठी खुले करणे, यात अशक्य काही नाही. दोन दिवसांच्या चर्चेतून हे नमुने आणि नेमणूकपत्राचा एक मसुदा तयार व्हावा अशी स्वागत समितीची विनंती आहे. मसुद्यात निदान तीन गोष्टी असाव्यात: वकिलाला बातमीची माहिती पहिल्या टप्प्यापासून मिळेल, संपादकाने त्याचा सल्ला डावलला तर कारण लेखी नोंदवले जाईल, आणि प्रामाणिक सल्ल्यासाठी त्याला नोकरीवरून काढता येणार नाही. तिसऱ्या कलमावर मालकवर्गाचे प्रतिनिधी हरकत घेतील, हे गृहीत धरूनच उद्या सकाळचे पहिले सत्र त्यासाठी मोकळे ठेवले आहे.