शेवटच्या कडव्यातलं नाव



स्वागताध्यक्षाला माइक देतात तो बहुधा त्यानं वर्गणी जमवलेली असते म्हणून. त्यामुळे गाण्यातलं मला फार कळतं असं कुणी समजू नये. पण गीतकारांचं हे संमेलन सिन्नर तालुक्यातच भरावं, असा हट्ट आम्ही धरला होता. त्याचं कारण सांगतो.

याच तालुक्यातल्या देशवंडी गावात १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत राबले. अक्षरओळख नव्हती. ती तरुणपणी झाली, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की झाली. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. पुढं हाच माणूस बाबासाहेबांचा विचार घेऊन गावोगाव गात फिरला.

लोकांच्या ओठांवर असलेली चाल उचलून तिच्यात आपले शब्द बसवायचे, याला काही जाणकार नाक मुरडतात. मला ते पटत नाही. समोर बसलेल्यांना चाल आधीच येत असेल, तर लक्षात ठेवायचे उरतात फक्त शब्द. पुस्तक न वाचता येणाऱ्या आयाबायांनी बाबासाहेबांचा विचार तसाच पाठ करून घरी नेला. गीतकाराचं काम कवीपेक्षा वेगळं असतं. कवीच्या वाचकाला पान मागं उलटता येतं. गाणं ऐकणाऱ्याला ती सोय नाही. पहिल्या फेरीत कळलं तर कळलं. शिवाय शब्द असतो दुसऱ्याच्या गळ्यासाठी. गायकाचा दम कुठं तुटेल, ढोलकीची थाप कुठं पडेल, ध्रुपद मागच्या कोरसला झेलता येईल का, हे सगळं लिहितानाच पाहावं लागतं. आणि वेळेचं बंधन वेगळंच. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा गदिमांना दर आठवड्याला नवं गीत द्यायचं होतं. अशी छप्पन्न गीतं झाली.

एवढं करून नाव होतं गायकाचं. आपण सहज ‘लताबाईंचं गाणं’ म्हणतो, पी. सावळाराम आठवतात ते नंतर. वामनदादांनी तुकोबा-नामदेवांची रीत धरली आणि आपल्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफला. पण वेळ संपत आली की गायक नेमकं तेच कडवं गाळतो! २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला आणि सिनेमासाठी लिहिणाऱ्या गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येईनासा झाला. फार चांगलं झालं. मात्र आंबेडकर जयंतीच्या मंडपात रात्रभर गाणाऱ्या गायन पार्टीच्या वहीपर्यंत तो कायदा पोचलेला नाही. ती वही हातानं उतरवलेली असते, आणि तीत गीतकाराचं नाव असेलच असं नाही.

म्हणून यजमानाची एकच अट आहे. आज रात्रीच्या मैफलीत प्रत्येक गाण्याआधी ते कुणी लिहिलं हे सांगायचं, आणि शेवटचं कडवं गाळायचं नाही. त्यापायी उशीर झाला तर होऊ द्या. मंडप पहाटेपर्यंत घेतलेला आहे. जेवण मागच्या शामियान्यात एक वाजता. आता संमेलनाध्यक्षांनी उद्घाटन करावं, अशी विनंती करतो.