शाळा सुटेपर्यंतचे प्रेम



बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांनी जपानी चित्रकथांतील दोन मुलींच्या प्रेमावर काय बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. गेल्या वर्षी आमच्या एका सभासदाची मुलगी वही घेऊन कचेरीत आली. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनमालिका, तिच्या आवडीच्या. त्यांतील दोन मैत्रिणींची पुढची कथा तिने स्वतः रचली होती. "काका, शाळा संपते तिथे गोष्टही संपते. मग त्या दोघींचे पुढे काय?" उत्तर आमच्यापाशी नव्हते. म्हणून आम्ही वाचू लागलो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जपानात मुलींच्या माध्यमिक शाळा आणि वसतिगृहे वाढली. तेथे थोरल्या आणि धाकट्या विद्यार्थिनींत चिठ्ठ्या, भेटी, रुसवेफुगवे असे जिवाभावाचे नाते जुळे. त्याला 'एस' म्हणत. सिस्टर या शब्दाचे ते आद्याक्षर. योशिया नोबुको या लेखिकेने १९१६ पासून मुलींच्या मासिकात 'हाना मोनोगातारी', म्हणजे फुलांच्या कथा, लिहिल्या. त्यांत विरहच फार. वडीलधाऱ्यांना हे नाते एका अटीवर खपत असे : शाळा सुटली की तेही सुटावे आणि मुलीने मुकाट्याने बोहल्यावर उभे राहावे. आम्हांला ही अट ओळखीची वाटली. हंगामी कामगारालाही मालक गोड बोलतो, हंगाम संपेपर्यंत.

योशियाबाईंनीच ती अट मोडली. १९१९ च्या 'यानेउरा नो निशोजो' या कादंबरीत पोटमाळ्यावरच्या दोन तरुणी अखेरीस एकत्र जगायचे ठरवून बाहेर पडतात. पण अशी कथा अपवादच. स्त्रियांच्या परस्परप्रेमाच्या कथांना आज 'युरी', म्हणजे लिली, म्हणतात. तो शब्द १९७६ च्या सुमारास एका मासिकातून रूढ होऊ लागला.

'सेलर मून' ही मालिका आपल्यापैकी काहींच्या नातींना ठाऊक असेल. तिच्यात १९९४ साली हारुका आणि मिचिरू आल्या. या दोघी एकमेकींना सोडत नाहीत. पुढे एका मुलीला वाढवण्यातही त्यांचा वाटा असतो. २००० साली मालिकेचा हा भाग इंग्रजीत अमेरिकेत दाखवला, तेव्हा दोघींना चुलत बहिणी करून टाकले! संवाद बदलले, चित्रांतल्या नजरा कशा बदलणार? प्रेक्षकांनी ते ओळखलेच.

कथा अशी छाटली गेली किंवा अर्ध्यावर थांबली, की वाचक स्वतः लेखणी उचलतात. टोकियोत २१ डिसेंबर १९७५ रोजी 'कोमिकेट' हा हौशी चित्रकथांचा पहिला बाजार भरला. ३२ मंडळे, सुमारे ७०० माणसे, त्यांत शाळकरी मुलीच अधिक. स्वतः काढायचे, स्वतः छापायचे, स्वतः विकायचे. तेथे 'गिऱ्हाईक' कोणी नाही. विकणारा आणि घेणारा दोघेही 'सहभागी'. आमच्या युनियनच्या घटनेत इतके स्वच्छ कलम नाही. फुकट श्रमाचे आम्ही सहसा कौतुक करीत नाही; पण येथे मालक नाही, आणि शेवट काय करायचा हे राबणाराच ठरवतो, ही गोष्ट लहान नव्हे.

कोणी म्हणेल, कागदावरच्या शेवटाने काय होते? योशियाबाईंचेच पाहा. १९२३ साली त्यांची मोन्मा चियो यांच्याशी ओळख झाली आणि पुढे दोघींनी जन्माची सोबत केली. कायद्यात त्या नात्याला नाव नव्हते. म्हणून १९५७ साली योशियाबाईंनी चियोबाईंना, वयाने थोड्याच लहान असलेल्या आपल्या सोबतिणीला, मुलगी म्हणून दत्तक घेतले. १९७३ साली त्या वारल्या. आपल्याकडे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला.

त्या मुलीच्या वहीत दोघी शाळेनंतर नोकरीला लागतात आणि टोकियोत खोली शोधतात. खोलीचे भाडे किती लिहू, असे तिने आम्हांला विचारले. आम्ही म्हटले, भाड्याआधी 'रेइकिन' लिही. जपानात घरमालकाला द्यायची ती रक्कम परत मिळत नाही, आपल्या पागडीच्या जातीची. दोघींच्या पगारात ती कशी बसवायची, यावर सध्या आमचा हिशेब चालू आहे.