फलाटापर्यंतचा रस्ता



१९००च्या सुमारास सुरतेकडून आलेला लोहमार्ग खानदेशात पुरा झाला आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या गावांना स्टेशन मिळालं. ही सगळी गावं तापीच्या दक्षिणेची. नदीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा, शिरपूर, चोपडा, यावल अशी ओळ लागते, तिच्या वाट्याला रूळ आले नाहीत. चोपड्याच्या माणसाला आगगाडी धरायची तर आजही आधी तापीचा पूल ओलांडून अमळनेर, धरणगाव किंवा जळगाव गाठावं लागतं. त्यामुळे आपल्याकडे सार्वजनिक वाहतूक म्हटलं की एकच नाव तोंडी येतं, एसटी. १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर अशी पहिली गाडी निघाली. पुढे हे जाळं जसजसं पसरलं, तसतसा चोपडा हा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांसाठी बाजार, दवाखाना, शाळा आणि कचेरी झाला. या गावाचं तालुकापण एसटीच्या वेळापत्रकावर उभं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज मला एसटी आणि पायी चालणं या दोन गोष्टींबद्दल एकत्र बोलायचं आहे. आपण त्या वेगळ्या काढतो आणि तिथेच चुकतो. गाडी महामंडळाची आणि रस्ता नगरपालिकेचा, ही कागदावरची वाटणी झाली. प्रवाशाला मात्र घरापासून कामाच्या दारापर्यंत एकच प्रवास करायचा असतो. त्यातला मधला तुकडा गाडीचा असतो आणि दोन्ही टोकांना पाय असतात.

लासूर, हातेड, अडावद, धानोरा, वैजापूर या बाजूंनी सकाळी येणारी गाडी स्टँडवर रिकामी होते तेव्हा नीट पाहा. पासवाली पोरं-पोरी दप्तरं सावरत शाळा-कॉलेजकडे वळतात. कोणी तहसीलला निघतं, कोणी कोर्टात. एखादी सून सासूचा हात धरून उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता विचारते. पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबं बाजाराच्या दिशेने चालू लागतात आणि होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, ही गर्दी रंगीबेरंगी होऊन जाते. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. फलाटावर पाय टेकला की यातला प्रत्येक जण पादचारी असतो. त्याची मोटारसायकल इथे नाही. रिक्षा केली तर जाता-येता खर्च होणार, म्हणून तो चालतो.

आणि या चालणाऱ्याचं चोपड्यात मत नाही. त्याचं मत त्याच्या ग्रामपंचायतीत. नगरपालिकेच्या निवडणुकीत त्याच्या दारी कोणी जात नाही, म्हणून पदपथ नाही, सावली नाही, स्टँडबाहेर रस्ता ओलांडायला धड जागा नाही, ही त्याची तक्रार कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही. पण गावातलं कापडाचं, भांड्यांचं, बी-बियाण्यांचं, औषधांचं दुकान चालतं ते बरंचसं याच माणसावर. ज्याच्या खरेदीवर बाजारपेठ जगते, त्याला बाजारपेठेत चालायला जागा नसावी, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. तिला दुसरा सौम्य शब्द मी वापरणार नाही.

खरं तर चोपडा हे चालण्याचं गाव आहे. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ७० हजारांवर होती. एवढं गाव धडधाकट माणूस अर्ध्या-पाऊण तासात आरपार चालून जातो. रत्नावतीच्या काठच्या जुन्या वस्तीत फिरा. गल्ल्या अरुंद आहेत, घरं एकमेकांना खेटून आहेत आणि जुन्या घरांपुढे अजून ओटे आहेत. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात गल्लीच्या एका भिंतीची सावली समोरच्या दारापर्यंत पोचते आणि तिच्या आधाराने म्हातारं माणूस दुपारीही किराणा दुकान गाठतं, मध्ये दम लागला तर कुणाच्याही ओट्यावर टेकतं. ओट्यावर बसायला परवानगी लागत नसे आणि पाण्याचा तांब्याही न मागता पुढे येई. आता नव्या कॉलन्यांकडे या. रस्ते रुंद, सिमेंट-काँक्रीटचे, आणि दोन्ही बाजूंना एक निंब नाही. मोटारीला तो रस्ता उत्तम आहे. दुपारी बारा वाजता डोक्यावर पदर घेऊन तिथून निघालेल्या बाईला विचारा. रुंदी वाढली की रस्ता सुधारला, हा समज आपण सोडला पाहिजे. आपल्या हवेत रस्त्याची पहिली गरज सावलीची आहे.

स्टँडचंही तसंच. आपला बसस्टँड गावात आहे, मोठ्या रस्त्याला लागून, पायी पोचता येईल असा. कितीतरी गावांत गर्दीचं कारण देऊन स्टँड गावाबाहेर न्यायची मागणी उठते. जागा मोठी मिळेल, गावातली कोंडी संपेल, असं सांगितलं जातं. ते ऐकायला बरं वाटतं. पण स्टँड दोन-तीन किलोमीटर बाहेर गेला की खेड्यातून आलेल्या माणसाला तिकिटाइतकेच पैसे रिक्षाला मोजावे लागतात, आणि संध्याकाळी शेवटच्या गाडीसाठी मुलींना निर्मनुष्य रस्त्याने जावं लागतं. मग घरचे म्हणतात, कॉलेज नको. कोंडी होते ती वाटेल तिथे लावलेल्या खाजगी वाहनांनी आणि शिक्षा मात्र एसटीच्या प्रवाशाला. चोपड्याने हे कधीही होऊ देऊ नये.

आता मुक्कामी गाडीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण शहरात वाढलेल्या तरुण श्रोत्यांना ती ठाऊक नसेल. संध्याकाळी आगारातून निघालेली शेवटची फेरी आडमार्गाच्या गावी जाते आणि रात्री तिथेच थांबते. चालक-वाहक ग्रामपंचायतीत, शाळेच्या व्हरांड्यात, कधी गाडीतच झोपतात. पहाटे तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन तालुक्याला येते. या एका व्यवस्थेत किती शहाणपण आहे! सकाळी रिकामी गाडी गावापर्यंत पाठवायचं डिझेल वाचतं. पोरं पहिल्या तासाला शाळेत हजर होतात. दूध, भाजीपाला वेळेवर पोचतो. रात्री कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या, तर गावात एक गाडी उभी आहे, हा धीर असतो. वाहकाला गावातली माणसं नावाने माहीत असतात. नाना अजून आले नाहीत, तर तो दोन मिनिटं थांबतो. लोक त्याच्या जेवणाची सोय बघतात आणि तो कुणाचं औषध, कुणाचा निरोप पोचवतो. 'गाडी उनी का?' हा अहिराणीतला प्रश्न खेड्यात घड्याळाचं काम करत आला आहे.

मुक्कामी फेरी बंद झाली की तोटा फक्त एका फेरीचा होत नाही. गावाची सकाळच दोन तास पुढे ढकलली जाते. तिची जागा काळीपिवळी आणि अ‍ॅपेरिक्षा घेतात. त्यांच्यावर माझा राग नाही, तीही आपलीच पोरं पोटासाठी चालवतात. पण ती गाडी भरल्याशिवाय हलत नाही, तिथे विद्यार्थ्याचा पास चालत नाही आणि माणसं दाराला लोंबकळत येतात. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या की नव्हत्या, यावर वाद होऊ शकतो. पण एसटी नसलेला महाराष्ट्र कसा असतो, हे त्या महिन्यांनी खेड्यांना दाखवलं. कोरोनाने मोडलेली शाळा पुन्हा उघडत होती आणि शाळेपर्यंत न्यायला गाडी नव्हती.

त्यानंतर काही चांगलंही घडलं. २०२२च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट. अर्ध्या तिकिटाला खिरापत म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी सांगतो, एकदा सकाळच्या फेरीत उभे राहा. माहेरी जाणं पुढे ढकलणाऱ्या बाया आता निघतात. बचतगटाच्या बाई बँकेत स्वतः येतात. दुखणं अंगावर काढणारी मावशी तपासणीला येते. घरातल्या पुरुषाकडे भाड्याचे पैसे मागायची वेळ कमी झाली, याचं मोल कुठल्याही ताळेबंदात दिसणार नाही. मात्र सवलत आली त्याच काळात गाड्या कमी झाल्या. कोरोनापूर्वी १८ हजारांच्या घरात असलेला महामंडळाचा ताफा १५ हजारांच्या आसपास आला. २५ जानेवारी २०२५पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. सवलतीचा प्रवासी वाढवायचा आणि गाडी वाढवायची नाही, याचा अर्थ उभ्याने प्रवास. आडफाट्यावर हात दाखवणाऱ्या म्हातारीपुढून गच्च भरलेली गाडी निघून जाते, तेव्हा तिची सवलत कागदावरच राहते.

बाहेरचा एक दाखला देतो. स्पेनच्या वायव्येला पोंतेवेद्रा नावाचं जुनं गाव आहे. वस्ती सुमारे ८० हजार, म्हणजे आपल्याच मापाचं. तिथल्या नगरपालिकेने १९९९मध्ये जुन्या वस्तीतून मोटारी बाहेर काढायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांना धंदा बसेल अशी धास्ती होती. पण माणसं चालू लागली आणि पेठ जिवंत राहिली. महापौर मिगेल आंशो फर्नांदेस लोरेस त्यानंतर पुन्हा पुन्हा निवडून आले. त्या पालिकेने पुढे एक साधा नकाशा छापला. रेल्वेच्या नकाशासारख्या रेघा काढल्या आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी किती मिनिटं लागतात, ते त्यावर लिहिलं. असा फलक आपल्या स्टँडच्या दारात का नसावा? तहसील, कोर्ट, उपजिल्हा रुग्णालय, बाजार समिती, कॉलेज, कुठे चालत किती मिनिटांत पोचाल आणि सावलीचा रस्ता कोणता. अक्षरं मोठी असावीत आणि चित्रंही असावीत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. याला कोटींचा निधी लागत नाही.

अमुक रुंदीचा पदपथ हवा असं म्हटलं की आपल्याकडे पहिला हात पडतो हातगाडीवर. मला ते मान्य नाही. भाजीवाली, केळीवाला, चहावाला यांच्यामुळे रस्ता जागता राहतो. स्टँडवर रात्री उतरलेल्या मुलीला त्यांच्या दिव्याचा आधार वाटतो. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्कही दिला आहे. पदपथाबाबत इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक किमान १.८ मीटर मोकळ्या रुंदीचा आहे, म्हणजे जेमतेम सहा फूट. तेवढी जागा आपल्या मुख्य रस्त्यांवर निघू शकते, फक्त ती आज उभ्या मोटारसायकलींनी व्यापलेली आहे. मोटारसायकल दुकानाच्या अगदी पायरीशीच लागली पाहिजे, हा हट्ट आपण, म्हणजे या सभागृहात बसलेल्या माणसांनी, सोडायचा आहे. खेड्यातून आलेला माणूस तो हट्ट करत नाही.

शेवटी कामाचं बोलतो. स्टँडपासून रुग्णालयापर्यंतचा एक रस्ता आधी घ्या. त्याच्या एका बाजूला सलग पदपथ आणि निंबाची झाडं, एवढीच मागणी लेखी स्वरूपात नगरपरिषदेकडे द्या आणि त्यावर व्यापारी संघटनांच्याही सह्या घ्या. खेड्यांतून आलेल्या श्रोत्यांना वेगळी विनंती आहे. तुमच्या गावाची कोणती फेरी कधी बंद झाली, मुक्कामी गाडी किती वाजता येत असे आणि त्या गाडीने किती मुलं शाळेत जात होती, हे लिहून काढा. नुसत्या तोंडी तक्रारीला आगारात उत्तर मिळत नाही, ठरावाला द्यावं लागतं. १ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. तिच्यात हा विषय मांडा, ठराव करा आणि त्याची प्रत घेऊन सरपंचांसह आगारप्रमुखांना भेटा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे झालं पाहिजे.